नाबोथाचा नकार आणि माळावरची शाळा

अभ्यासासाठी शास्त्रभाग : १ राजे २१:१-२०, उत्पत्ती २६:१७-२२



डोंगरातल्या पाड्यासाठी निवासी शाळा बांधण्याचा जो संकल्प आपण केला, त्यासाठी अनेक मंडळ्यांनी उदारपणे दान दिले. आता काही मंडळ्यांकडून विचारणा होत आहे की पैसे जमले, नकाशा तयार झाला, मग पाया का खणला जात नाही? विचारणे योग्यच आहे. दान देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. पैशांचा हिशेब कार्यालयाकडून वेगळा येईलच. पण काम का थांबले याचे उत्तर आकड्यांत देता येत नाही, म्हणून ते या अंकातील अभ्यासपाठाच्या रूपाने देत आहे.

थोडक्यात घडले ते असे. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील या पाड्याच्या वरच्या बाजूला गायरानाचा एक सपाट माळ आहे. शाळेसाठी तो सुचवला गेला होता. मार्चमध्ये ग्रामसभा भरली आणि तिने ठराव केला : शाळा हवी, पण या माळावर नको.

काही हितचिंतकांना हा निर्णय दुखावून गेला. "आपण त्यांच्या भल्यासाठी करतो आणि तेच नको म्हणतात," असे उद्गार माझ्या कानावर आले. म्हणून प्रथम पाड्याचे म्हणणे ऐकू, मग शास्त्र उघडू. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे, असे नीतिसूत्रांचा लेखक सांगतो (१८:१३).

पाड्याचे म्हणणे

जव्हार-मोखाड्याच्या बाजूला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी मार्च उलटला की बायांच्या डोक्यावरचे हंडे लांब लांब जाऊ लागतात आणि कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाहुण्यांना याचे कोडे वाटते. याचे कारण जमिनीत आहे. इथला डोंगर काळ्या कातळाचा. कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. पाऊस पडतो आणि उतारावरून धावत नदीला मिळतो. जिथे सपाट जागा आहे, वर माती आणि मुरूम आहे, तिथेच पाणी थबकते, हळूहळू मुरते, खालच्या घट्ट कातळावर अडते आणि उताराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते.

आपला प्रस्तावित माळ अगदी असाच आहे. त्याच्या खाली पाड्याचा झरा आहे. बाजूची विहीर एप्रिलमध्ये आटते. झरा बारीक होतो, पण मेअखेरपर्यंत वाहतो.

ग्रामसभेत एक आजी उभी राहिली. तिने भाषण केले नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, शाळा पायजेच. पण माळावर घर बांधलं तं पाणी कुठं मुरंल? आमचा झरा मंग कुठून येल?"

तिच्यापाठोपाठ इतरांनी आपापले मुद्दे मांडले. माळावर मोहाची जुनी झाडे आहेत. मोहाची फुले वेचण्याचा हंगाम मार्च-एप्रिलचा, म्हणजे घरातले धान्य सरत आलेले असते तेव्हाचा. त्याच झाडांच्या बियांचे तेल घरात वापरतात. कडेच्या ऐनाच्या फांद्या राबासाठी लागतात. गुरे पावसाळ्यात इथेच चरतात, कारण खाली सगळीकडे भात आणि नागली असते. आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो ती पाड्याच्या हिशेबात वर्षभर भरलेली असते.

मी घरी येऊन साधे गणित केले. जलजीवन योजनेत ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. निवासी शाळेत १५० मुले धरली तर दिवसाला ८,२५० लिटर, महिन्याला सुमारे अडीच लाख लिटर पाणी लागेल. ते बोअरवेलने काढायचे तर ज्या मुरमातून झऱ्याला पाणी मिळते त्याच्याच आसपासून येणार. वर १५० मुलांच्या संडासांचे शोषखड्डे. मातीचा थर पातळ, आणि झरा उताराच्या खाली. त्या आजीला लिटरचा हिशेब येत नसेल, पण तिचा आणि माझा हिशेब एकाच उत्तराला येऊन पोहोचला.

अहाबाचा प्रस्ताव

आता शास्त्रभाग उघडा. नाबोथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि अहाबाला लगेच दुष्ट ठरवून मोकळे होतो. पण पहिली दोन वचने सावकाश वाचा. अहाबाने सुरुवातीला काहीच वाईट केलेले नाही. त्याने जमीन हिसकावली नाही. त्याने मागितली. बदल्यात आणखी चांगला मळा देऊ केला, तो नको असेल तर रोख किंमत देऊ केली. आजच्या अनेक भूसंपादनांपेक्षा हा व्यवहार उदार होता. त्याला तिथे भाजीचा मळा करायचा होता, म्हणजे हेतूही वाईट नव्हता.

तरीही नाबोथ नाही म्हणाला. त्याचे कारण एकच होते : हे माझ्या वाडवडिलांचे वतन आहे. इथे हट्ट किंवा भाव वाढवून घेण्याची युक्ती नाही. लेवीय २५:२३ मध्ये देव सांगतो की जमीन त्याची आहे आणि आपण तिच्यावर उपरे आहोत. गणना ३६:७ प्रमाणे प्रत्येक इस्राएलाने वाडवडिलांचे वतन धरून राहायचे होते. नाबोथ राजाला नाही म्हणत होता, तेव्हा तो देवाला हो म्हणत होता.

आपल्यासाठी पहिला धडा इथे आहे. प्रस्ताव न्याय्य आहे, हेतू चांगला आहे, म्हणून समोरच्याने हो म्हटलेच पाहिजे असे नाही. जो नकार देऊ शकत नाही त्याचा होकारही खरा नसतो. आपण आदिवासी बांधवांच्या सन्मानाविषयी पुष्कळ बोलतो. सन्मानाची परीक्षा ते आपले म्हणणे मान्य करतात तेव्हा होत नाही. ते नाही म्हणतात तेव्हा आपण कसे वागतो, यात ती होते.

उपासाची दवंडी

पाप कुठे सुरू झाले? अहाब तोंड फिरवून बिछान्यावर पडला आणि जेवेना, इथे त्याचे बीज आहे. पण ते उगवले ईजबेलीच्या पत्रांत. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यावर राजाची मोहर केली आणि नगरातील वडिलांना व सरदारांना पाठवली. नाबोथाला उत्तर देण्याऐवजी तिने त्याच्याच गावच्या पुढाऱ्यांना वळवून घेतले. आणि आठवून पाहा, तिने पहिली आज्ञा कोणती दिली? उपासाची दवंडी पिटवण्याची. एका कुटुंबाची जमीन घेण्यासाठी धर्माचे साधन वापरले गेले. मग दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि देवाला शिव्या दिल्याचा आरोप नाबोथावर आला.

मिशनचे काम करणाऱ्यांनी हा भाग दाराच्या चौकटीवर लिहून ठेवावा, इतका तो आपल्या जवळचा आहे. आजच्या काळात ईजबेलीची पत्रे कशी दिसतात? ग्रामसभा टाळून फक्त दोन-चार पुढाऱ्यांच्या सह्या घेणे. रिकाम्या कागदावर अंगठे उमटवून घेणे. "देवाची इच्छा आहे" असे म्हणून चर्चा बंद करणे. आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यावर "हे प्रगतीच्या आड येतात, यांना कोणीतरी फूस लावली आहे" असा शिक्का मारणे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा देणग्यांच्या आवाहनपत्रकालाही लागू आहे.

एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिते, कारण ती दबक्या आवाजात विचारली गेली आहे. माळाच्या कडेला उंबराखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. विरोध खरे तर त्या दगडासाठी आहे आणि पाण्याचे केवळ निमित्त आहे, असा काहींचा समज झाला. मी ग्रामसभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले होते. दगडाचा उल्लेख कोणी केला नाही. पाड्यातील चार विश्वासी कुटुंबांनीही माळाला नाही म्हणूनच हात वर केले. त्यांच्या घरातही त्याच झऱ्याचे पाणी जाते. आणि समजा, कोणी दगडाचे नाव घेतले असते, तरी काय? शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाच्या जागेवर आपली भिंत उभी करून सुवार्ता पुढे जात नाही. प्रभूने शोमरोनी स्त्रीशी बोलताना आधी तिच्याकडे पाणी मागितले आणि ती पाणी भरत होती ती विहीर याकोबाची होती, हे आपण जाणतो.

कायद्याने दिलेला आवाज

नाबोथाच्या बाजूने उभे राहील असे त्याच्या नगरात कोणी नव्हते. आपल्या देशात आज निदान कायदा तरी आहे, आणि तो आपल्या वाचकांना माहीत असावा.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ साली झाला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. या कायद्यानुसार गाव म्हणजे केवळ महसुली गाव नव्हे. एखादी वस्ती किंवा पाडासुद्धा गाव ठरू शकतो. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करणे या कायद्याने आवश्यक केले आहे.

२००६ चा वनहक्क कायदा आणखी पुढे जातो. त्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे पाहण्याचा अधिकार दिला आहे. शाळेचा उल्लेखही या कायद्यात आहे. कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. पण अटी पाहा : जमीन एका हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडली जाऊ नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. ही सवलतही सरकारने चालवलेल्या सोयींपुरती आहे, खासगी संस्थांना ती लागू नाही. आपला माळ गायरान आहे, वनजमीन नाही. पण कायद्यामागचा विचार ध्यानात घ्या. सरकारची स्वतःची शाळा असली तरी ती झाडे मोजल्याशिवाय आणि गावाला विचारल्याशिवाय जंगलात उभी राहू नये, असे संसदेला वाटले. मग मंडळीच्या शाळेने त्याहून कमी काळजी घ्यावी काय?

गोव्यातील एक उदाहरण

असा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आला आहे असे नाही. गोव्याची आयआयटी २०१६ पासून फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात चालते. कायमच्या संकुलासाठी काणकोण तालुक्यातील लोलये येथील पठार सुचवले गेले, तेव्हा तिथे विरोध झाला. पुढे सत्तरी तालुक्यातील शेळ-मेळावली येथे सुमारे दहा लाख चौरस मीटर जागा ठरली. गावकऱ्यांनी सांगितले की इथे आमच्या काजूच्या बागायती आहेत, जंगल आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये पोलिस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्याच महिन्यात सरकारने मेळावलीची जागा सोडत असल्याचे जाहीर केले.

त्या आंदोलनातील लोकांचा विरोध शिक्षणाला नव्हता, जागेला होता. बाहेरच्या माणसाला हा फरक बारीक वाटतो. गावात राहणाऱ्याला तो दिवसासारखा स्पष्ट दिसतो. यातून आपण दुसरा धडा घेऊ : जागेविषयीचा प्रश्न आधी विचारला तर त्याचे उत्तर ग्रामसभेत मिळते. उशिरा विचारला तर ते रस्त्यावर मिळते, आणि तेव्हा माणसे जखमी होतात.

मुलांचे काय?

आता दुसरी बाजू. ती टाळली तर हा पाठ अर्धवट राहील.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. पण डोंगरात नकाशावरचे किलोमीटर कामाचे नसतात. मध्ये दोन ओढे असले तर जुलैमध्ये एक किलोमीटरही पार होत नाही. शाळा एक वर्ष लांबली की प्रत्येक पाड्यावर दोन-तीन मुली घरी बसतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेतात, आणि त्यांच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. वीटभट्टीवर जाणारे कुटुंब दिवाळीनंतर मुलांना सोबत घेऊन जाते. थांबण्याची किंमत आहे, आणि ती आपण भरत नाही, मुले भरतात. म्हणून "ग्रामसभेने नाही म्हटले, आम्ही सुटलो" असे म्हणून हात झटकणे हीसुद्धा नाबोथाच्या गोष्टीतून घेण्यासारखी शिकवण नव्हे.

इथे इसहाकाकडे वळू. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली, वाहते पाणी लागले आणि तिथले गुराखी म्हणाले की हे पाणी आमचे आहे. इसहाक बलवान होता, त्याच्याजवळ माणसे होती. त्याने त्या विहिरीला भांडणाचे नाव दिले आणि पुढे गेला. दुसरी खणली, तिथेही वाद झाला, तिलाही तसेच नाव दिले. तिसरी खणली तेव्हा कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे प्रशस्त जागा. इसहाकाने जागा सोडली, खणणे सोडले नाही. अहाब मात्र जागेला चिकटला आणि सगळे गमावून बसला. जागेवरून वाद झाला तर चालण्याचे हे दोन मार्ग शास्त्र आपल्यापुढे ठेवते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात याचे एक उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्या बालवाडी पाड्यातल्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणारी मुले येऊ शकत नाहीत असे दिसले तेव्हा कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटले. कुरण कुरणच राहिले, गुरे चरत राहिली आणि मुले शिकली. शाळा म्हणजे आधी इमारत, हा आपला समज या दोघींनी कधीच मोडून काढला होता.

आपल्या शाळेची आजची स्थिती

ग्रामसभेने केवळ नकार दिला नाही, पर्यायही सुचवले. रस्त्याच्या खालच्या बाजूला, झऱ्याच्याही खाली, दोन जागा तिने दाखवल्या आहेत. एक खडकाळ आहे, पायाचा खर्च वाढेल. दुसरी लहान आहे, तिथे निवासी शाळा मावणार नाही, पण दिवसाची शाळा आणि मुलींपुरते छोटे वसतिगृह होऊ शकेल. पाणी कोठून आणायचे, छपराचे पाणी किती साठवता येईल आणि सांडपाणी कुठे जाईल, याची तपासणी उन्हाळ्यात झरा सर्वांत बारीक असताना करावी असे ठरले आहे. मोजणीच्या वेळी पाड्याच्या दोन महिला सोबत असतील. जून-जुलैत मोजून कोणालाच खरे उत्तर मिळणार नाही.

तोपर्यंत समाजमंदिराच्या ओसरीवर संध्याकाळचा वर्ग चालू आहे. दिलेला निधी शाळेच्याच खात्यावर वेगळा ठेवलेला आहे. ज्यांना आपले दान परत हवे असेल त्यांनी तसे निःसंकोच कळवावे. पण माझी विनंती अशी की ते राहू द्यावे आणि थोडा धीर धरावा. आपण देणगी दिली ती मुलांसाठी. ती मुले ज्या झऱ्याचे पाणी पितात तो राखूनच त्यांची शाळा उभी राहावी, असे आपल्यालाही वाटेल याची मला खात्री आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. अहाबाने नाबोथाचा नकार मान्य केला असता तर तो भाजीचा मळा कुठे करू शकला असता? आपल्या मंडळीच्या एखाद्या योजनेबाबत असा दुसरा मार्ग आपण शोधला आहे काय?

२. यिज्रेलच्या वडिलांनी ईजबेलीची पत्रे वाचली तेव्हा त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते? आज त्यांच्या जागी कोण असते?

३. उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेची मशागत करण्याचे आणि ती राखण्याचे काम दिले आहे. बांधणे आणि राखणे यांत ओढाताण होते तेव्हा आपण निर्णय कसा घ्यावा?

४. तुमच्या मंडळीचे आवार, स्मशानभूमी किंवा सभागृह उभे राहिले तेव्हा शेजाऱ्यांचे पाणी, झाडे किंवा वाट यांचा विचार झाला होता काय?

प्रार्थनेचे विषय

• पाड्यातील झरा आणि विहीर या उन्हाळ्यात टिकून राहावी म्हणून.
• योग्य जागा मिळावी आणि मोजणी करणाऱ्यांना शहाणपण मिळावे म्हणून.
• या वर्षी सातवी पूर्ण करणाऱ्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून.
• पाड्यातील चार विश्वासी कुटुंबांसाठी. त्यांनी शेजाऱ्यांबरोबर उभे राहून दिलेली साक्ष फलद्रूप व्हावी म्हणून.
• ज्यांनी दान दिले त्या प्रत्येकासाठी, आणि आपल्या सर्वांना नकार ऐकण्याची कृपा मिळावी म्हणून.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण